डोहाची जिवाणी

निपाणी, ता. ४ ऑगस्ट १९३५
पुण्याहून दादाचे पार्सल. भिंग एक, काचेच्या बशा दोन, स्पिरिटची बाटली एक. टपाल हशील सात आणे, आम्हीच भरले. दादा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. लिहितो, नदीच्या डोहाचं पाणी गाळताच ना, फडक्यात राहतील ते जीव पंधरवड्याला मोज, मग स्पिरिटात टाक.
टाकणार नाही. जिवंत मोजीन. जिवाणी, म्हणजे फडक्यात उरलेले जीव, जिथली तिथे परत सोडायची, हा घरचा नेम.

ता. १८ ऑगस्ट
नदीला पूर. लोटाभर गाळले. चिखलच. जीव नऊ.

ता. १० नोव्हें.
पाणी निवळले. एकशे चाळीसपर्यंत मोजले, पुढे चुकले. पाणपिसवा, चाकासारख्या फिरणाऱ्या चक्र्या, एकाच डोळ्याचे एकडोळे. एकडोळ्याच्या मादीला अंड्यांच्या दोन पिशव्या, बाजाराला निघाल्यासारखी. सासूबाईंना दाखवली. "ह्यो माझ्याकडंच बघतोय गं." मग दिवसभर जपमाळ.

ता. २६ जाने. ३६
धार आटली, डोह तेवढा उरला. जीव मोजवेनात. दादा लिहितो, उन्हाळ्यात आणखी वाढतील. शिवाय, मेलेले मोजायला सोपे, हलत नाहीत.

ता. २३ फेब्रु.
फडके कोरे. दुसरा लोटा गाळला, तिसरा. एकही नाही.
पाणी इतके नितळ की घाटाची तळची पायरी दिसली. लग्नापासून नऊ वर्षांत पाहिली नव्हती. बेडूक गप्प. पलीकडे म्हशी उभ्या, उतरेनात.
घरच्या आडाचे गाळले. वळवळ आहे. म्हणजे भिंग ठीक.

ता. १ मार्च
आम्हा जैनांची अष्टाह्निका बसली. सासूबाईंचे आठ उपास. दिवसातून एकदा पाणी, तेही नेमाने डोहाचेच, उकळून.
म्हटले, "आत्याबाई, डोहात जीवच उरला नाही. आडाचं घ्या की."
"मग बरंच झालं. हिंसा टळली."
प्याल्या. "लई गोड लागतंय." मग, "जिवाणी सोडलीस?"
"काही नव्हतंच."
"तुझ्या भिंगाला दिसलं न्हाय म्हणून न्हाय व्हय? जा, सोड."
गेले. कोरे फडके डोहात झटकले. तरंग उठला नाही. की मीच पाहिले नाही.

ता. ३ मार्च
त्यांच्या ओठांची कड निळसर. उपासाने असेल. उद्या आडाचेच पाणी डोहाचे म्हणून दिले तर? नेम त्यांचा मोडेल, त्यांना न कळता. पाप मला लागेल, ते चालेल. पण त्यांचे आठ दिवस फुकट…
दादास लिहिले, नक्कल: 'मोजायला काही उरले नाही. ज्यात एकडोळ्यासुद्धा जगत नाही ते पाणी माणसाला चालते काय? उपास पौर्णिमेपर्यंत, अजून पाच दिवस. बाकी काही लिहू नकोस. हो की नाही, एवढेच उलट टपाली कळव.'