दोन चमचे विरजण

१२ फेब्रुवारी, दुपार

प्रिय ताई,

तुला आणि भावोजींना नमस्कार, पिल्लूला पापा. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो, तोंड मात्र ठणठणीत आहे.

स्वयंपाकघर तुला ओळखू येणार नाही. घासून घासून प्लास्टिकचा बारीक चुरा अन्नात जातो असं वाचलं आणि माझ्या डोक्याला भुंगा लागला. चिरायची फळी, गाळणी, डाळींचे डबे, पाण्याच्या बाटल्या, सगळं गच्चीवर नेऊन ठेवलं. उन्हात ते डबे आतून उजळल्यासारखे दिसत होते. जणू इतकी वर्षं आपण त्यात डाळ नाही, उजेडच भरून ठेवत होतो. मी कितीतरी वेळ बघत बसले. आई म्हणाली, "माझ्या चष्म्याची काडीही प्लास्टिकचीच आहे. तीही ने, म्हणजे तुझे उद्योग मला दिसायचे नाहीत."

दह्याचा पांढरा डबाही गेला. आतून ओरखडेच ओरखडे होते त्याला. नवी काचेची बरणी आणली, चांगली वीस मिनिटं उकळली, आणि वाफाळत असतानाच उरलंसुरलं सगळं विरजण तिच्यात काढलं. वर कोमट दूध, तेही थर्मामीटर लावून. इतकी काळजी मी परीक्षेलाही घेतली नव्हती. सकाळी झाकण काढलं तर दूध जसंच्या तसं, गप्प. आजीपासून चालत आलेलं विरजण मी स्वच्छतेच्या नादात भाजून मारलं होतं.

आईला सांगितलं नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातून दही आणलं (प्लास्टिकच्या कपातलं, हस तू) आणि त्याचंच विरजण लावलं. तीन आठवडे ती मुकाट्याने खात होती. काल वाटी बाजूला सारून म्हणाली, "हे आपलं नाही."

"कधी कळलं तुला?"

"पहिल्याच घासाला. तू कधी तोंड उघडतेस ते बघत होते."

मी रडले. ती दूध ढवळत राहिली, हळूहळू, साय धरू न देता. खिडकीतून ऊन तिच्या हातावर आलं होतं. मग दुधाकडेच बघत तिने विचारलं, "तिच्याकडे असेल ना अजून?"

चार वर्षांत पहिल्यांदा तुझा विषय तिने काढला, ताई.

"असेल," मी म्हटलं.

"मग लिही तिला. दोन चमचे पाठव म्हणावं."

पोस्टाने दही येत नाही, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

आता जे चार वर्षं टाळलं ते लिहिते. घर सोडल्यावरच्या पहिल्या पत्रात तू लिहिलं होतंस, "पिशवीत विरजणाची डबी सापडली. घरात एकीने तरी माझा विचार केला." ती एक म्हणजे मीच, असं तू समजलीस, आणि मी नाही म्हटलं नाही. ती डबी मी ठेवली नव्हती. तू कपडे भरत असताना आईने ती टॉवेलात गुंडाळून तुझ्या पिशवीत सरकवली. मी दारातून पाहिलं. "बोलू नकोस," एवढंच म्हणाली, आणि तू निघालीस तरी बाहेर आली नाही. आधी मी तिच्यासाठी गप्प राहिले. नंतर स्वतःसाठी, कारण तुझ्या प्रत्येक पत्रात मी लाडकी होते.

तिच्यावरच्या तुझ्या रागातला निम्मा माझ्या वाट्याचा आहे. तो माझ्यावर काढ, हवा तितका. पण इथे येऊन काढ.

तुझ्या आभारांवर कधीच हक्क नसलेली,
तुझी धाकटी