रिकामं कव्हर आलं, त्याबद्दल

अमरावती

तीर्थरूप कौशल्याताईस धाकट्या पुंजारामाचा दंडवत. तुझे गुडघे बरे असतील, नत्थुजी भाऊजींचा खोकला गेला असेल. आम्ही सगळे ठीक आहोत (मी सोडून, पण माझी तब्येत सध्या कोणी विचारत नाही, अन् ते बरोबरच आहे).

ताई, आमच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला तू तीन बर्नरची शेगडी आणलीस. वरची काच तडकू नये म्हणून अकोल्याहून अडीच तास एसटीत मांडीवर धरून. आणि मी काय केलं? रिटायर झाल्यापासून मला एक नाद लागला आहे. मोबाईलवर एक साइट आहे, एकाच वस्तूचे दहा दुकानांतले भाव एकाखाली एक दाखवते. (तुझी भावजय आशा म्हणते, या माणसानं तीस वर्षं कालव्याचं पाणी मोजलं, आता भाव मोजून राह्यला.) मी खोक्यावरचा नंबर त्यात टाकला आणि भर पंगतीत ओरडलो, "ताई, चौदाशेनं फसली तू!" मला तुझी काळजी वाटली होती. निदान तेव्हा मी तसंच समजलो.

तू वाढता वाढता थांबलीस. "तू भाव पायला. मी तं आशाले तीन बर्नर लागतीन, हे पायलं," एवढंच म्हणालीस आणि चारच्या गाडीनं निघून गेलीस. तुझ्यासाठी बांधलेल्या पुरणपोळ्या ओट्यावरच राहिल्या. त्या मी खाल्ल्या. गोड लागल्या नाहीत (चार खाल्ल्या).

चूक निस्तरायला तुला साडी पाठवायचं ठरवलं. सरळ दुकानात जायचं, तर पुन्हा त्याच साइटवर बसलो. दोन महिने. भाव उतरला की मोबाईल वाजायचा, भातकुलीला एका तेरवीत वाजला आणि मी "उतरला!" म्हणून उठून उभा राहिलो. शेवटी फोटोत हिरवी काठापदराची साडी दिसली, भाव इतका कमी की मी दोनदा चष्मा पुसला. पत्ता थेट तुझा टाकला. खाली बारीक अक्षरात 'साडी कव्हर' लिहिलं होतं, ते पुसलेल्या चष्म्यातूनही दिसलं नाही.

मग भाऊजींचा फोन आला, "पुंजाराम, चेनवाली थैली भेटली. कौशल्या इचारते, साडी मांगून येऊन राह्यली काय?" मागं तू हसतेस का, म्हणून मी कान लावला. नाही हसलीस. त्यानंतर माझा फोनही उचलला नाहीस.

आई गेली तेव्हा शाळेचा डबा तूच करून द्यायचीस, ताई. मी कधी विचारलं नाही, पीठ कुठून आणतेस म्हणून. चुकलो.

तुझा पुंजाराम

ता. क. रविवारी आमच्या प्रणालीचा साखरपुडा आहे. "आत्या नसन तं मी पाटावर बसत नाई," म्हणते. पोरगी तुझ्यासारखीच हट्टी आहे, हे तुला सांगायला नको.

ता. क. दुसरं. साडी आता दुकानातून घेतली, आशाच्या पसंतीची. मोबाईल तिच्या पर्समध्ये होता. भाव मी विचारला नाही (पावती पाहिली; न पाहता बरा होतो).

ता. क. तिसरं, अकोला बसस्टँडवर बसून लिहितो. पत्र पोस्टात टाकायचा धीर झाला नाही, म्हणून प्रणालीच्या हाती देतो आहे. तू हे वाचेपर्यंत ती दारात उभी असेल. तिला आत घे. मी तुमच्या गल्लीच्या तोंडाशी असेन. राग गेला असेल तर हाक मार. नसेल गेला तरी मार.