हात खाली घ्यायला ये

पिंपरी,
दि. ६ मे १९७९

ती. सोजरआत्यास,
जयसिंगचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तब्येत विचारणारं पत्र नंतर लिहीन. आज मी चिडलोय आणि चिडलेलाच लिहितोय.

काल भोसरीच्या स्टॉपवर तुमच्या कुरुळीचा ज्योतीराम भेटला. म्हणाला, तुमची आत्या अर्जुनरावाच्या प्रचाराला घरोघर फिरतेय. मी त्याला खोटारडा म्हणालो. तो हसला. म्हणाला, स्वतः येऊन बघा की राव.

आत्या, गेल्याच महिन्यात मी विहारात आलो होतो. बाबासाहेबांच्या फोटोसमोर सगळ्या वस्तीला उभं केलं आणि पंचायत समितीला मत पार्टीलाच, असं म्हणून हात वर करायला लावले. तूही केलास. सगळ्यात शेवटी, पण केलास. घरी येताना मी इतका खूश होतो की मोशीला उतरून भेळ खाल्ली. आणि आता तू एका अपक्षाच्या मागे?

अर्जुनराव चांगला माणूस असेल. पण एकटा चांगला माणूस तिथं जाऊन करणार काय? शेवटी कुणाच्या तरी मांडीवर जाऊन बसेल. इलेक्शनमध्ये माणूस बघायचा नसतो, पार्टी बघायची असते. माणूस नुसता पोस्टमन, पत्र पार्टीचं. आपल्या उमेदवाराचं, रंगरावाचं, तोंड आवडत नसेल तर तोंडाकडे बघू नकोस, चिन्हाकडे बघ. दादा तर रात्री जेवलेच नाहीत. माझ्या सख्ख्या बहिणीनं हे करावं, एवढंच म्हणत होते.

कॉन्व्हेंटात शिकून माझी मराठी बिघडली म्हणून तू हसतेस. पण डिसिप्लिनला मराठीत शब्दच नसावा, असं मला आज वाटायला लागलंय.

राग आहे तसा लोभही आहे. तूही दोन्ही ठेव.

तुझा,
जयसिंग


कुरुळी,
दि. १० मे १९७९

चि. जयसिंगास,
आत्याचा जयभीम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. चुलीत घालणार हुते, पण मागची बाजू कोरी दिसली, म्हणून बालवाडीतल्या पोरांना चित्रं काढायला दिली. एकानं गाढव काढलंय. तुझ्याच नावावर आलंय.

पार्टी बघ म्हणतोस. बघते की. पर आधी तू एक बघ. तुझे मामा, माझे मालक, गेले तवा तू परीक्षेला हुतास. तिसऱ्या दिवशी आलास, रडलास, भाकर खाल्लीस आन गेलास. मामांना कुठनं नेलं, हे काय तू इचारलं न्हाईस.

आपल्या मसणवट्याची वाट रंगरावाच्या शेताच्या कडंनं जाती. त्यानं ते शेत घेतलं आन वाटेवर बाभळीचे काटे टाकून तार ओढली. मामा गेले तवा आषाढ हुता. मी सोता त्याच्या दारात गेले, डोईवरचा पदर सावरत उभी ऱ्हायले. आत जेवत हुता. भाईर आला न्हाई. गड्याकडनं सांगितलं, ओढ्यातनं न्या. ओढ्यातनं नेलं. पाणी मांडीला. चौघांतला एक घसरला आन तुझे मामा पाण्यात पडले. मेलेला माणूस पुन्यांदा पडला, जयसिंग. काठावर सारा गाव बघत हुता. उतरला तो एकटा अर्जुनराव. धोतर वर न करता तसाच पाण्यात शिरला आन त्यानं खांदा दिला. तो आपल्यातला न्हाई आन तुझ्या पार्टीचा बी न्हाई.

तू हात वर करायला लावलेस तवा उमेदवाराचं नाव तरी सांगितलंस का? तिकीट मागनं जाहीर झालं. माझ्या कानावर रंगरावाचं नाव आधीच आलं हुतं, म्हणून माझा हात जड झाला. तरी केला. वस्ती फुटली, तर ती माझ्या घरापासनं नको. घरोघर फिरते ती मत मागायला न्हाई, त्या दिवशी खांदा कुणी दिला त्याची याद द्यायला.

आन आणिक एक. तुझं मत पिंपरीत. तिथं नगरपालिका. ह्या इलेक्शनात तुला मतच न्हाई! आमचे हात वर करणारा तू कोण लागून गेलास?

माया आटली न्हाई, पर सध्या पातळ झालीया.

तुझी आत्या,
सोजरबाई


पिंपरी,
दि. १५ मे १९७९

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

मला कुणी सांगितलं का नाही? दादांना माहीत होतं! मी विचारलं तर म्हणाले, घरचं दुःख पार्टीपेक्षा मोठं करायचं नसतं. स्वतःच्या मेव्हण्याबद्दल बोलत होते ते. मी ताट सरकवून उठलो.

दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्ट संपवून तसाच खेडला पार्टीच्या ऑफिसात गेलो. तिथले दत्तोबा मला नेहमी आमचा इंग्लिश टायगर म्हणतात. मी विचारलं, रंगराव होळीपर्यंत कुठल्या पार्टीत होता? ते म्हणाले, बस, चहा घे. मी विचारलं, वस्तीची वाट अडवणाऱ्याला तिकीट कुणी दिलं? ते म्हणाले, तो निवडून येऊ शकतो, म्हणून दिलं. आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, भावा, माणसाकडे बघू नकोस, चिन्हाकडे बघ. आत्या, माझंच वाक्य! मी ते सगळ्या सभांत ओरडून सांगितलंय, आणि ते असं थंड चहासारखं माझ्याच पुढे आलं. बाहेर येऊन मी रंगरावाचं पोस्टर टराटरा फाडलं. मग कुणी बघेल म्हणून घाबरून तुकडे खिशात कोंबले. आता त्याचाही राग येतोय.

पण उपाय सोपा आहे. मतदान सिक्रेट असतं. पडद्यामागे कोण बघतंय? सगळ्यांना सांग, अर्जुनरावाला द्या आणि बाहेर येऊन गप्प बसा. रंगराव निकालापर्यंत हवेत राहू दे.

पातळ तर पातळ, माया चालू ठेव.

तुझा,
जयसिंग


कुरुळी,
दि. १९ मे १९७९

चि. जयसिंगास,
आत्याचा आशीर्वाद.

तुझा उपाय शेजारच्या भिमाबाईला वाचून दाखवला. कोण बघतंय म्हणजे? फोटो बघत हुता की, म्हणाली. तुला कॉन्व्हेंटात मत म्हणजे एकट्यानं खोक्यात टाकायची चिठ्ठी शिकवली आसंल. हितं तसं न्हाई. विहारात वर गेलेला हात चोरून खाली येत न्हाई. ज्यानं वर करायला लावला त्यानंच, त्याच जाग्याला, सगळ्यांदेखत खाली घ्यायला लावायचा. दारू सोडायची शपथ आमी अशीच घेतो, सोयरिकीचा शब्द बी असाच देतो आन परत घेतो.

तू म्हणतोस तसं केलं तर उद्या रंगराव चावडीवर बसून म्हणंल, बघा ह्यांचा शब्द. आन खरं बोललेला दिसंल. त्येला आपण तेवढी बी संधी द्यायची का?

अर्जुनराव देव न्हाई. निवडून आला तर कुणाच्या मांडीवर जाऊन बसंल, हे मला बी ठावं न्हाई. तू म्हणतोस त्यात तथ्य हाय. पर इचार करायला हात मोकळा तर पायजे!

तवा हात खाली घ्यायला ये. तुझा बाप भीमराज तुला घरात घेणार न्हाई, पार्टी भाईर काढंल. काढू दे. तू आला न्हाईस तर सारी वस्ती रंगरावाला मत देणार. मी बी देणार. ज्यानं माझ्या माणसाला पाण्यात पाडलं त्येच्या चिन्हावर मी शिक्का मारणार, तुझ्या उतावीळपणापायी. एवढं डोक्यात ठेवून शिफ्टला जा.

वाट बघते. माया काय, ती घरचीच हाय.

तुझी आत्या,
सोजरबाई


चिखली,
दि. २८ मे १९७९

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्ता बदललाय. त्या दिवशी तुझ्याकडून परत आलो तर दादांनी माझी वळकटी दाराबाहेर ठेवलेली. चिखलीत कंपनीतल्या एका दोस्ताच्या खोलीवर आहे. पार्टीनंही मला काढलं. दत्तोबांनी निरोप पाठवला की टायगरनं पिंजऱ्यात जावं.

त्याचं काही नाही. विहारात सगळ्यांना हात खाली घ्या म्हणताना माझा आवाज चिरकला आणि चतुराबाई हसली, त्याचंही काही नाही. पण तुमच्या वस्तीतले म्हातारे किसनआबा! सगळ्यांचे हात खाली आणि त्यांचा एकट्याचा काठीसकट वर. मला म्हणाले, पोरा, माझा हात तू वर केला नव्हतास, तर खाली घेणारा तू कोण? वस्तीला विहीर नव्हती तवा पार्टीची माणसं तालुक्याला उपाशी बसली, तुझा जन्म बी नव्हता. माणसं येत्यात, नासत्यात, जात्यात. पार्टी ऱ्हाती.

बसमध्ये पिंपरीपर्यंत मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होतो. आणि तू त्यांना उठून चहा दिलास!

रिझल्ट लागला की लगेच कळव. अर्जुनराव आलाच पाहिजे. नाहीतर मी हे सगळं कशासाठी केलं? आणि तू कुणाला दिलंस तेही लिही.

बेघर भाच्यावर लोभ जरा वाढवलास तरी चालेल.

तुझा,
जयसिंग


कुरुळी,
दि. ५ जून १९७९

चि. जयसिंगास,
आत्याचा जयभीम आणि भरपूर आशीर्वाद.

काल मतदान झालं. पत्र वाटेवर बसून लिहितेय, अक्षर वाकडं आलं तर हसू नको.

सकाळी उठून बघते तर मसणवट्याची वाट उघडी! रंगरावाच्या गड्यानं, बबनरावानं, काटे बाजूला ओढलेले, तार गुंडाळून बांधाला टाकलेली. मला वाटलं, मेल्याला लाज वाटली आसंल. कशाची लाज! त्येची जीप यायची हुती. वस्तीतनं ह्याच वाटेनं पुढं शाळेत मतदार न्यायचे, आन ओढ्यातनं जीप जात न्हाई. मत असलेल्याला वाट, आन मेलेल्याला ओढा. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

जीप येऊन उभी ऱ्हायली. किसनआबा तिच्यात बसले न्हाईत. काठी टेकत त्याच वाटेनं शाळेत गेले, मत देऊन चालतच माघारी आले आन वाटेच्या मधोमध, काटे हुते तिथंच, फतकल मारून बसले. मी म्हणलं, आबा, हे काय? म्हणाले, मत पार्टीला दिलं. वाट न्हाई दिली.

मग मी बसले. भिमाबाई बसली, चतुराबाई पोराला घेऊन बसली. सांजच्याला बबनराव तार घेऊन आला, आमाला बघून तसाच फिरला. मग रंगराव सोता आला. मामा गेले त्या दिवशी भाईर न आलेला माणूस काल शेत तुडवत पळत आला! पार्टीत राहून पार्टीच्या उमेदवाराला आडवं जाता का, म्हणून आबांवर खेकसला. आबा बसल्या जागेवरनं म्हणाले, पार्टी मला तू सांगू नको, बाळ. तू होळीनंतरचा.

मी कुणाला मत दिलं, ते सांगणार न्हाई. हात मोकळा हुता, तेवढं पुरं.

निकाल उद्या. ऐकायला खेडला कोण जातंय? हितं बसायला माणसं लागत्यात. दोघांतला कुणी बी येऊ दे, त्येला हितंच बोलवायचं आन ही वाट सरकारी कागदावर चढेस्तोवर उठायचं न्हाई, असं ठरलंय. ह्या टायमाला फोटोसमोर न्हाई, वाटेवरच ठरलं. पाळ्या लावल्यात, तुमच्या कंपनीवानी. भीमराजला बी निरोप धाडलाय, मेव्हण्याच्या वाटेवर एक पाळी तुझी. आला तर तुमी दोघं शेजारी बसाल, भांडायला लई वेळ मिळंल.

तुझी पाळी आयतवारची, सकाळपासनं. भाकर बांधून आण. आयती मिळणार न्हाई.

मायेचं काय इचारतोस, ती आता ह्या वाटेवरच हाय. येऊन घेऊन जा.

तुझी आत्या,
सोजरबाई