मशीन परत घ्या म्हणजे घ्याच

४ मार्च, मंगळवार, सकाळ
फसवलं मेल्यांनी. सरळ सरळ फसवलं. ऑनलाइनच्या फोटोत बाई हसत हसत शिवत होती. तिला काय जातंय हसायला! तिच्या मशीनचा टाका सुटत नसणार. माझा दर चौथा टाका सुटतो. कॉम्प्युटरवालं शिलाई मशीन म्हणे. पडद्यावर आकडे दिसतात, बटण दाबलं की टुंग वाजतं. टुंग वाजवून झगा शिवला जातो का?

दवाखान्याच्या मेट्रनबाईंची ऑर्डर आहे. पेशंटचे पंचवीस झगे, शनिवारी १५ तारखेला हवेत. हे नीट झाले तर वर्षभराचं काम माझं.

जुनं पायाचं मशीन मी कालच चिमणीला देऊन टाकलं. चिमणी समोरच्या गाळ्यात शिवते. माझ्याच हाताखाली शिकली, आता स्वतःची पाटी लावून बसलीय. घे बाई, म्हटलं, मला आता त्याचा काय उपयोग.

ठरलं. हा डबा आजच परत करणार. सून म्हणाली, आई, तारखा लिहून ठेवा, तक्रारीत लागतात. म्हणून ही वही. चौथीपर्यंत शिकलेय, तारखा येतात.

४ मार्च, दुपार
कंपनीला फोन केला. आधी वीस मिनिटं फोनमध्ये नुसती पेटी वाजवली. मग एक पोरगी आली. मॅडम, मॅडम करत होती. सात दिवसांत परत करता येतं म्हणाली. मग विचारते कशी, पुस्तक वाचलंत का, सुई नीट लावलीत का? म्हटलं, तू पाळण्यात होतीस तेव्हापासून मी सुया लावतेय. सपाट बाजू उजवीकडे, दोरा डावीकडून. झोपेत लावते. ती म्हणाली, टेक्निशियन पाठवते. म्हणजे घाबरली.

५ मार्च, बुधवार
सुनेने मोबाइलवर नियम वाचून दाखवले. वस्तू खराब निघाली तर परत द्यायचा ग्राहकाला हक्क आहे. ऐकून बरं वाटलं. पुढे वाचलं, मूळ खोक्यासकट द्यावी. तेवढं वाचायची काही गरज नव्हती.

खोका मी पहिल्याच दिवशी कापला. पुठ्ठा इतका छान होता! त्याचे झग्याचे फर्मे केले. पाठ, बाही, गळा, सगळं बेतून ठेवलंय. कुठलीही शिवणारी हेच करेल. सुनेने एकेक फर्मा उचलून मोजला. तिचं हे मोजणं मला बोलण्यापेक्षा जास्त लागतं.

६ मार्च, गुरुवार
खोका शिवला. दाभण घेतलं, सुतळी घेतली आणि फर्मे जोडून पुन्हा खोका केला. एक बाही झाकणाला लागली, गळ्याचं भोक बाजूला आलं. टाका मात्र एकसारखा, सुटलाय कुठे दाखवा. हे म्हणाले, मशीनपेक्षा खोकाच विक. यांना घरात बसून विनोद सुचतात.

७ मार्च, शुक्रवार
टेक्निशियन आला. मावशी म्हणत आत शिरला, चहा प्यायला, सुई काढली, फिरवली, परत लावली. मशीन धडाधड शिवायला लागलं. लबाड कुठलं. परका माणूस दिसला की शहाण्यासारखं वागतं, घरच्यांना छळतं. आमच्याकडे असे आणखी एक आहेत.

तो म्हणाला, मावशी, या मशीनमध्ये सपाट बाजू मागे करायची, तुमच्या जुन्या मशीनसारखी उजवीकडे नाही. मी विचारलं, किती वर्षं शिवतोस? म्हणाला, मी शिवत नाही, दुरुस्त करतो. झालं. उत्तर मिळालं.

तो गेल्यावर आधी सुई सरळ केली, उजवीकडे. पुन्हा टाका सुटायला लागला. बघा! दुरुस्ती पंधरा मिनिटंसुद्धा टिकली नाही.

८ मार्च, शनिवार
ग्राहकांच्या तक्रारीचा नंबर असतो, तिथे फोन केला. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, तक्रारीचा आकडा दिला. मी तो आकडा कंपनीच्या पोरीला तीनदा वाचून दाखवला. संध्याकाळी कंपनीचाच फोन. मशीन घेऊन जातो, खोका कसाही असला तरी चालेल. शिकलेल्यांनाही जमत नाही, ते मी फोनवर केलं.

१० मार्च, सोमवार
मशीन गेलं. न्यायला आलेल्या माणसाने खोका दोन वेळा फिरवून पाहिला. गळ्यातून मशीन दिसत होतं. असा खोका पाहिला नव्हता म्हणाला. पाहणार कुठे!

चिमणीला जाऊन सांगितलं, बाई गं, हक्कासाठी भांडायला शिक. ती म्हणाली, हो काकू, पण आता झगे कशावर शिवणार? जळकी आहे जरा.

११ मार्च, मंगळवार
मेट्रनबाई आल्या. नमुन्याचा एक झगा दाखवा म्हणाल्या. म्हटलं, मशीन परत केलं, खराब होतं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. शनिवारी झगे नसले तर काम चिमणीला देईन म्हणाल्या. बाई गोड बोलतात, पण इस्त्री फिरवल्यासारखं.

पैसे दहा दिवसांनी येणार. नवीन मशीन मागवलं तर आठ दिवस. जुनं परत मागायला चिमणीच्या दारात मी काही जाणार नाही. कापड कापायचं तर फर्मे खोक्याबरोबर गेले.

सुनेला कपाटात मशीनचं पुस्तक सापडलं, ते द्यायचं राहिलं होतं. तिने सुईचं चित्र माझ्यासमोर धरलं. सपाट बाजू मागे. चित्र काढणाऱ्याला तरी शिवता येतं का, कोण जाणे. तरी ते मी चार वेळा पाहिलं. मग जरा पडून राहिले. डोकं दुखत होतं.

१२ मार्च, बुधवार
कंपनीला फोन केला. परत गेलेली वस्तू पुन्हा देता येत नाही म्हणाले. पत्र पाठवायचंय. सून टाइप करणार आहे. आधी इथे लिहून घेते.

कंपनीच्या मोठ्या साहेबांस,
मशीन खराब आहे ही तक्रार मी मागे घेतलेली नाही. परंतु ते खराब मशीन माझं आहे. ग्राहकाला वस्तू परत द्यायचा हक्क आहे, तर परत दिलेली परत मागायचा का नाही? कुठल्या नियमात लिहिलंय ते दाखवा. पैसे नकोत. नवीन नको. तेच पाठवा, खोक्यासकट. खोका फोडू नये, उसवावा. सुईला कोणी हात लावला असेल तर ती आहे तशीच राहू द्यावी.
शुक्रवारी दुपारी बाराच्या आत उत्तर पाहिजे. शनिवारी आलेलं उत्तर मी वाचणार नाही.