आज-उद्या करू नका, बाबा

बाबा, तुम्हाला आणि आईला दुरूनच नमस्कार.

मी बरी आहे, दोन्ही वेळ पोटभर जेवते. शिलाईचा कारखाना पुन्हा सुरू झालाय. खोली आता माझ्या एकटीची आहे, त्यामुळे ऐसपैस वाटते. जरा जास्तच.

खोलीतल्या ताई गेल्या, बाबा. फोनवर आईसमोर सांगवलं नाही. लसीसाठी आमचा दोघींचा नंबर एकाच दिवशी लागला होता. त्या म्हणाल्या, "तू हो पुढे. हातातलं काम उरकलं की जाते मी." लसीने मला ताप आला, तेव्हा कपाळावर पट्ट्या त्यांनीच ठेवल्या. आज जाते, उद्या जाते करता करता महिना गेला आणि साथ आमच्या मजल्यावर आली. दोघी आजारी पडलो. मी चार दिवसांत उठले. त्यांना दवाखान्यात नेलं, त्या परत आल्याच नाहीत. कामावरून आले की अजूनही मी दारातूनच "आले हो" म्हणते, आणि मग दिवा मीच लावते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लसीचा गुण यायला वेळ लागतो. साथ दारात आल्यावर धावून उपयोग नाही.

दादा सांगत होता, तुम्ही म्हणता, "मी कुठे बाहेर जातो?" ताईसुद्धा खोली आणि कारखाना सोडून कुठे जात नव्हत्या. उद्याच दादाबरोबर लस घ्यायला जा. आईलाही न्या. तिचा गुडघा कसा आहे?

मग फोन करा. "दंड ठणकतोय" अशी कुरकुर तुमच्या तोंडून ऐकली, की मला झोप लागेल.

तुमचीच,
चिमी