डब्यातल्या देवांना पाट

आये,

तुझा आवाज मला बाजारात ऐकू आला. पनवेलच्या बाजारात, भर दुपारी, तू जाऊन इतकी वर्षं झाल्यावर. मी मोबाइलच्या दुकानात उभी होते. दुकानदार तुझ्या ओळखीचा आहे. पूर्वी त्याच्याकडे हळदीच्या गाण्यांच्या व्हीसीडी दोरीवर माळेसारख्या लटकलेल्या असायच्या, आणि तू दर वेळी त्याला टोमणा मारायचीस की एवढ्या नाचणाऱ्या बाया टांगल्यास, त्यात धवलारीण एकसुद्धा कशी नाही. तो हसून म्हणायचा, आयाबाय, तुमची सीडी काढू या की. आता सीडी कुणी घेत नाही, आता तो लोकांच्या फोनमध्ये गाणी भरून देतो. त्याने हातातला फोन माझ्याकडे वळवला आणि म्हणाला, "बाई, वलखलात काय? तुमची आई नाय ही? माझ्या भावाने कुवेतवरून पाठवलंय."

तूच होतीस. हिरवं लुगडं, कपाळाला आडवं कुंकू, समोर पाटावर मांडलेले तांदूळ आणि सुपारी. मागे शेजारच्या गुरव्याच्या अंगणातला मांडव, आणि त्याच्याही मागे, अगदी कोपऱ्यात, आपला ओटा. ओट्यावर जवळा वाळत घातलेला. तू धवला गात होतीस. मग एकदम थांबलीस, डोळ्यांवर हात धरलास आणि शूटिंगवाल्याला झापलंस: "ए लायटीवाल्या, तो दिवा माज्या डोल्यान नको घालू. देव मांडवान आयलेत, तुज्या डब्यान नाय!" आणि तिथून पुढे ढोल सुरू झाला. डीजेचा ढोल, छाती हादरवणारा, आणि त्याच्या तालावर तुझा आवाज कापून कापून परत परत: डब्यान नाय, डब्यान नाय, डब्यान नाय. दुकानात उभी असलेली कॉलेजची दोन मुलं खांदे उडवायला लागली. त्यांना ते पाठ होतं.

मी चिडले की काय होतं ते तुला माहीत आहे. त्या आठवड्यात मी एका सभेत अर्धा तास बोलले. म्हणाले, ज्या समाजाला आपल्या आयांचा आवाज कापून त्यावर नाचता येतं, त्याला जमिनी गेल्याचं रडू तरी कोणत्या तोंडाने येतं? म्हणाले, आपल्याला हसवणारं, नाचवणारं, रडवणारं सगळं आता हाताच्या पंज्याएवढ्या काचेत शिरलंय आणि आपण तिच्यापुढे मान खाली घालून उभे आहोत, आणि मान खाली घातलेल्या माणसाला समोर कोण उभं आहे ते दिसत नाही. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतल्या एकाने ते भाषण फोनवर टिपून घेतलं आणि रात्रीच्या आत तेही फिरायला लागलं. त्याच्याखाली कुणीतरी लिहिलं होतं, आजीची पोरगी वाटते. ते वाचून बरं वाटलं, आणि राग थोडा उतरला, आणि मग राग उतरला म्हणून पुन्हा राग आला.

शहरातल्या लोकांना धवलारीण कोण ते मला समजावून सांगावं लागतं. मी सांगते, आगरी लग्नात भटजीच्या आधी ही बाई बसते. पोथी नाही, संस्कृत नाही. धवला गाऊन देवांना बोलावते, गावदेवीपासून सुरुवात करून एकेकाला नाव घेऊन, आणि देव आले की मगच हळद लागते. एवढं ऐकून लोक माना डोलवतात. जे मी सांगत नाही ते आपल्या चुलीपुढचं आहे. तू तांदळाची भाकरी थापतेयस, तव्यावर पाणी फिरवतेयस, आणि मी मागे लागलेय की धवला शिकव. तू शिकवायचीस, पण नुसते शब्द. बोलल्यासारखे, सपाट, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसे. मी एकदा आपल्या मनाने सूर लावला. तू पिठाचा हात तसाच माझ्या तोंडावर ठेवलास. "सूर लावला क देव येतान. मंग त्यांना बसाला पाट कोन देल, तुजा बापूस?" बाबा दारात विडी ओढत होते. ते म्हणाले, माझं नाव कशाला, मी तर स्वतःच जमिनीवर बसतो.

घरात शब्द आणि मांडवात सूर, हा तुझा नेम होता. मला शब्द सगळे पाठ आहेत, सूर एकही नाही. मांडवात तुझ्या शेजारी बसायच्या वयात मी पनवेलला शाळेत होते, मग कॉलेजात, मग मोर्चात. याबद्दल तू मला कधी बोलली नाहीस. उलट लोकांना सांगत फिरायचीस की माझी पोर माइकवर बोलते, तिला देव नाही लागत, ती बोलली की पोलीस येतात. माझं पहिलं मोठं भाषण ऐकायला तू आली होतीस, लुगडं बदलून, शेजारणीला घेऊन. मी बोलले आणि घामाघूम होऊन तुझ्याजवळ आले. मला वाटलं होतं जवळ घेशील. तू म्हणालीस, "बोललीस बरा. पन मानसा उबी होती, त्यांना बसा नाय बोललीस." मी म्हटलं, आये, मैदान आहे ते, तिथे खुर्च्या कुठल्या? तू म्हणालीस, जमीन होती ना. परत येताना रिक्षात मी तुझ्याशी एक शब्द बोलले नाही, आणि तू शेजारणीला माझ्या भाषणातलं एक एक वाक्य समजावून सांगत होतीस, बरंचसं चुकीचं.

गुरव्याच्या अंगणातल्या त्या लग्नाच्या व्हीसीडीचं तुला आठवत असेल. दोन हजार सालानंतरची गोष्ट, गावात शूटिंग नवीन होतं, आणि व्हीसीडी आली की लग्नघरी सगळा गाव ती पाहायला जमायचा. तू सगळ्यांत पुढे. स्वतःचं नाक बघून म्हणालीस की हे माझं नाही, शूटिंगवाल्याने खुन्नस काढलीय. बाया हसत होत्या. पण धवला सुरू होणार असं दिसताच तू उठून उभी राहिलीस आणि म्हणालीस, आवाज बंद करा. नवरदेवाच्या बापाने बटण शोधून बंद केला. मग अख्ख्या घराने तुला गाताना पाहिलं, मुकी. तुझे ओठ हलतायत, गळ्याची शीर ताठ होतेय, हात तांदळावर फिरतोय, आणि घरात फक्त पंख्याचा आवाज. धवला संपल्यावर तू म्हणालीस, आता लावा. म्हणजे डब्यातून धवला वाजू द्यायचा की नाही, या प्रश्नाचा निकाल तू तेव्हाच देऊन ठेवला होतास, आणि मी तोच निकाल घेऊन निघाले होते.

व्हिडिओ टाकणारा त्याच नवरदेवाचा पुतण्या निघाला. स्वतः डीजे आहे. गाव विमानतळाच्या जागेत गेलं तेव्हा घर मोडताना कपाटात ती व्हीसीडी सापडली, म्हणाला. त्याने नुसतं तुझं झापणं टाकलं होतं, ढोल दुसऱ्याने जोडला, मग ढोलाचंच जास्त चाललं म्हणून यानेही तोच वाजवायला घेतला. मी त्याला गाठलं आणि बोलले, जसं बोलते तसं. त्याने मान खाली घालून ऐकलं. मग म्हणाला, "मावशी, तुम्ही नको बोललात तर आत्ता काढतो. बाकीच्या डीजेंनापण सांगतो, हलदीला कोन वाजवनार नाय. पन एकदा या, बघा, आन मंग बोला." आपल्याच नात्यातली हळद होती, गाव उठल्यावर लोकांना जागा मिळाली त्या करंजाड्याला, इमारतीच्या खाली पार्किंगमध्ये मांडव. मला तिथे हळदीतल्या दारूवर आणि डीजेवर चार शब्द बोलायलाही बोलावलं होतं. मी मनात भाषण तयार करून गेले. शेवटच्या वाक्याला त्याला सगळ्यांसमोर सांगायचं होतं, काढ.

धवलारीण नव्हती. मी विचारलं, तर म्हणाले आता मिळतात कुठे, भटजी येतील उद्या. दुपारची वेळ, बाया हळद कुटून बसल्या होत्या, पोरं वायरी ओढत होती, माणसाएवढे दोन स्पीकर उभे केले होते. त्याने आवाज बघायला म्हणून तुलाच लावलं. ढोलाच्या आधीचा भाग, जो मी बाजारात घाईत ऐकला होता. तू गावदेवीला हाक मारलीस, खाडीवरच्या देवाला मारलीस. खांबाला टेकलेल्या म्हाताऱ्या, आपल्याच उठलेल्या गावच्या, आता कुणी चौथ्या मजल्यावर तर कुणी सातव्या मजल्यावर राहणाऱ्या, बोलता बोलता स्पीकरकडे वळल्या. एक उठली. तुझ्याबरोबर मिठागरात जायची ती, गुडघ्यांवर हात टेकत उठते ती. आत गेली, पाट घेऊन आली, पदराने पुसला, उलटा करून पुन्हा पुसला, आणि स्पीकरच्या पुढ्यात मांडला. दुसरीने मूठभर तांदूळ आणले, तिसरीने सुपारी.

डीजे म्हणाला, "आजे, तो स्पीकर हाय."

"हाय तर हाय. हाक कोनी मारली? देवांना बोलवलास ना तू? मंग उबं ठेवतंस काय?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात तुझं झापणं आलं. डब्यान नाय! पोरं ओरडली, आणि ती पाट मांडणारी म्हातारी तोंडावर पदर धरून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. म्हणाली, खाष्ट मेली, अजून तशीच हाय. ढोल सुरू व्हायच्या आत त्याने हात पुढे करून बंद केला. स्वतःच केला, मी सांगितलं नव्हतं. मग पुन्हा पहिल्यापासून लावलं, ढोल वगळून, आणि नवरीला पाटाजवळ आणून बसवलं. तिच्या दोन मैत्रिणी फोन धरून उभ्या होत्या, त्याही ओठ हलवत होत्या. सूर त्यांना येत होता, आये. शब्द चुकीचे होते, पण सूर बरोबर होता. फोनवर ऐकून ऐकून आला असणार, दुसरीकडून येणार कुठून?

मग मला बोलायला उभं केलं. माइक हातात आला. सगळे उभे होते, पोरं, बाप्ये, वायरी धरलेला तो डीजे. मी म्हटलं, बसा. खुर्च्या नव्हत्या. म्हटलं, जमीन आहे ना, बसा सगळे. दारूवर बोलायचं होतं ते बोलले, डीजेवरचं बोलले नाही. माझं सगळ्यांत छोटं भाषण असेल ते. नंतर त्या दोन मुली माझ्याजवळ आल्या, शब्द विचारायला. मी त्यांना जिन्यात बसवून सांगितले. सपाट, तू सांगायचीस तसे. एकीने तिथेच सूर लावला, तेव्हा माझा हात तिच्या तोंडाकडे गेला आणि अर्ध्यावरून मी तो मागे घेतला. पीठ नव्हतं हाताला, आणि मला वाटलं, मांडव तर खालीच आहे. गाऊ दे.

तो व्हिडिओ अजून आहे. मी त्याला काढ म्हटलं नाही. आपला ओटा, गुरव्याचं अंगण, वाळत घातलेला जवळा, यातलं आता जमिनीवर काही उरलेलं नाही, तिथे डोंगर फोडून सपाट केलाय. जे उरलंय ते त्या डब्यात आहे, आणि त्यात तू उभी राहून डब्यात काही नाही म्हणून सांगतेयस. तुझा निकाल मी फिरवला, त्याची कारणं देण्यासाठी हे लिहायला बसले होते. काल मी शिकवते त्या शाळेतल्या एकीने वाचलं आणि म्हणाली, फेसबुकवर टाका, रडतील लोक. टाकणार नाही. हे तुला आहे, आणि तुला वाचता येत नव्हतं, मी वाचून दाखवायचे. म्हणून हे ड्रॉवरमध्येच राहील.

एक मात्र सांगायचं राहिलं. घरी कुणी नसलं की मीही ते लावते, ढोल नसलेलं. आधी पाट घेते, ओढणीने पुसते, उलटा करून पुन्हा पुसते, स्वयंपाकाच्या ओट्याजवळ मांडते. मी देव मानत नाही हे तुला माहीत आहे. तू आयुष्यभर दुसऱ्यांना पाट दिलास आणि स्वतः भुईवर बसलीस, तेव्हा बसशील की नाही याची खात्री नाही. तरी मांडते, आणि मगच आवाज लावते.