अब्बांचं फाटक

१२ जाने. २०२५, रवि.
मॉडेलसाठी विकत आणलेले रूळ सगळे परत डब्यात घातले. ते परदेशी मापाचे, आपल्या मोठ्या लाइनला अरुंद पडतात. आपली लोकल त्यावर ठेवली की पाय जुळवून उभ्या राहिलेल्या जाड्या माणसासारखी दिसते. म्हणजे रुळांखालचे स्लीपर कापणं आलं, रूळ हातानेच बसवणं आलं. रिटायर होऊन दीड वर्ष झालं तरी कंपनीची टूलरूम सुटत नाही. शमीम म्हणते, पगार बंद झाला, बाकी सगळं तसंच चालू आहे.
काय करायचंय ते एकदा लिहून ठेवतो, नाहीतर फाटे फुटत जातील. कासारवाडीच्या जुन्या रेल्वे फाटकाचं छोटं मॉडेल, अब्बा तिथे गेटमन होते तेव्हाचं. दोन लाइनी, विजेचे खांब, केबिन, कडुलिंब, एक लोकल. बस. पुरावा असेल तेच बसवायचं. मनाचं काही नाही.
(अब्बा म्हणजे शमीमचे वडील, सासरे माझे. पण लग्नापासून मीही अब्बाच म्हणतो.)

२० जाने., सोम.
अब्बांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मेहुण्याची फर्स्ट शिफ्ट, म्हणून मी. काचबिंदू. गेलंय ते परत येणार नाही, उरलंय ते थेंब घालून राखायचं. किती दिवस राहील? सांगता येत नाही म्हणाले. आधी कडा जातात, मधलं शेवटी जातं.
अब्बा बाहेर येऊन म्हणाले, "म्हंजी बोगद्यातून बघितल्यावानी." आणि रिक्षा बघायला लागले. जसे काही दुसऱ्याच कुणाचे डोळे.
घरी आल्यावर शमीमला सांगितलं. भाकरी थापत होती, थापतच राहिली. मग म्हणाली, तुमचं ते फाटक त्यांना दिसायला पाहिजे. ईदला येतील तेव्हा दाखवू. तोवर त्यांना काही बोलायचं नाही.
म्हणजे ईद. इतके दिवस नुसता छंद होता, आता डिलिव्हरी डेट लागली.

२ फेब्रु., रवि.
टेप घेऊन कासारवाडी. फाटक केव्हाच बंद झालंय, आता तिथे भिंत. झुडपात एका लोखंडी खांबाचा बुंधा सापडला, इतका आनंद झाला की तिथेच बसून चहा प्यालो. मापं घेत होतो तर एक दुकानदार मागे मागे. रस्ता रुंद होतोय का, आमची दुकानं जाणार का. म्हटलं, नाही हो, मी खेळणं करतोय. त्याचा विश्वास बसला नाही. चहाचे पैसे मात्र त्यानेच दिले.
मोठी गोष्ट: फोटो मिळाला. तिथल्या जुन्या स्टुडिओवाल्याच्या मुलाने वडिलांच्या डब्यातून निगेटिव्हची पट्टी काढली, स्कॅन करून प्रिंट दिली. अब्बा तरुण, फाटकाच्या दांडीपाशी. थोडं मागे अम्मी, जेवणाचा डबा घेऊन, नखाएवढी. त्यामागे केबिन, कडुलिंब. पाटी वगैरे कुठे नाही, एक अक्षर दिसत नाही फोटोत.
शमीमने प्रिंट घेतली आणि आत गेली. अम्मीला जाऊन आठ वर्षं झाली. तिचा तरुणपणीचा फोटो आमच्याकडे एकही नव्हता. मी बाहेरच थांबलो.

१५ फेब्रु., शनि.
अब्बांकडे कासारवाडीत जाऊन आडून आडून विचारलं. फाटकापाशी उभं राहिलं की केबिन कुठल्या हाताला?
"डाव्या."
फोटोत तर उजव्या. बसमध्ये विचार केला. फाटकाला दोन बाजू, अब्बा पलीकडच्या बाजूने सांगत असणार. म्हातारा माणूस आठवणीत कुठे उभा राहून बघतोय ते कळायला नको? फोटो तसा गोंधळ घालत नाही. केबिन उजवीकडे बसवली, फेव्हिकॉल लावून, कायमची.

८ मार्च, शनि.
रोजे चालू. दुपारी हात थोडे थरथरतात, म्हणून बारीक काम सकाळीच.
आज लोकल चालली. न अडकता, न घसरता, फाटकावरून पार. शमीमला हाक मारली. ती आली, सगळं ज्यावर बसवलंय त्या पाटावर गाल टेकवून रुळांच्या उंचीवरून बघत बसली. परत सोडा म्हणाली. परत सोडली. परत म्हणाली. इफ्तारची भजी तशीच राहिली. इतकी वर्षं कंपनीत एवढं केलं, पण एवढ्या कौतुकाने माझं काम कोणी बघितलं नव्हतं. आज फार बरं वाटलं.

२२ मार्च, शनि.
वाट लागली.
अम्मीची मूर्ती रंगवायला घेतली होती. साडी कुठल्या रंगाची असेल, म्हणून शमीमला भिंग देऊन फोटो दाखवला. बराच वेळ बघत राहिली.
"अहो, अम्मीचा पदर उजव्या खांद्यावर कसा?"
असेल गडबडीत घेतलेला, म्हटलं. ती म्हणाली, बाई गडबडीत पदर डोक्यावर घ्यायला विसरेल, खांदा चुकणार नाही.
मग मी भिंग घेतलं. अब्बांच्या शर्टाचा खिसाही उजवीकडे. बटणपट्टी बायकांसारखी.
निगेटिव्ह पालथी स्कॅन झालीय. सगळं फाटक उलटं आहे. केबिन डावीकडेच होती. अब्बांनी सांगितलं होतं, आणि मीच त्यांना पलीकडे नेऊन उभं केलं.


२३ मार्च, रवि.
जाधवला बोलावलं. टूलरूमचा जुना जोडीदार, लातूरचा, आता आमच्यासारखा चिखलीतच राहतो. त्याने पाट बघितला, फोटो बघितला आणि स्टुलावर बसून पोट धरून हसला.
"शेख, राव, तू एलएचचा आरएच केलास की."
हसण्यासारखंच आहे. आयुष्यभर गाडीच्या डाव्या दाराची, एलएचची डाय म्हणजे साचा निराळा, उजव्या दाराची, आरएचची निराळी, हेच केलं. ड्रॉइंग हातात आलं की पहिली बाजू बघायची, मग बाकी. नवीन मुलांना हेच ओरडून सांगायचो. आणि स्वतःच्या घरात, सासऱ्यांच्या कामात...
नवीन करायला किती दिवस, त्याने विचारलं. तीन महिने तरी. ईद आठ दिवसांवर. जाता जाता म्हणाला, आरसा लाव समोर, झाला परत एलएच. आणि परत हसला.

२७ मार्च, गुरु.
शमीमशी वाद. ती म्हणते, आहे तसं दाखवा, त्यांना अर्धंच दिसतं, कळणार पण नाही. मी म्हटलं, त्यांना कळणार नाही म्हणूनच तर दाखवता येत नाही. रिजेक्ट जॉब आंधळ्या गिऱ्हाइकाला द्यायचा का? शब्द तोंडातून गेला आणि मलाच कसंतरी झालं.  अब्बांना अजून कुणी आंधळं म्हटलं नव्हतं.
संध्याकाळी मीच कपाटाचा आरसा उतरवला. जाधवने थट्टा केली होती, पण खोटं नव्हतं त्यात. पाट आरशाकडे तोंड करून ठेवला, मागे खुर्ची ठेवून बसलो, आरशात बघितलं. केबिन डावीकडे. अम्मीचा पदर डाव्या खांद्यावर. शमीमला बसवलं खुर्चीत. तिने माझा हात धरून ठेवला.

३१ मार्च, सोम. ईद.
नमाज, शिरखुर्मा, पाहुणे. दुपारी सगळे पांगल्यावर अब्बांना माळ्यावरच्या खोलीत आणलं, एकेक पायरी सांगत. खुर्चीत बसवलं. आरसा का आहे तेही सांगून टाकलं, माझी चूक पण. लपवून काय करायचं?
अब्बांनी मान इकडे तिकडे करत करत बोगद्यात आरसा पकडला. मग मान हलवली नाही. लोकल सोडली. त्यांच्या तोंडून शिट्टीसारखा आवाज आला, अगदी हळू. लोकल परत सोडली.
"व्हय. हेच हाय."
मग म्हणाले, "ही डबा घिऊन उभी ऱ्हायली ती कवाची. जेवण गार झालं आसंल." शमीम त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मीही. ईदच्या दिवशी घरात अब्बांसकट तिघं रडणारी आणि सगळ्यांना बरं वाटतंय.
त्यांनी फाटकाची दांडी धरायला हात पुढे केला. आरशात दांडी जवळ दिसते, पण पाटावर ती पलीकडच्या कडेला. हाताला लागली केबिनची पाठ. त्यांनी चाचपलं, कडुलिंबाची फांदी मोडली, हात मागे घेतला.
"डोळ्यांपुरतं झालं, रफिक. आता हातापुरतं कर. फुडं हातच ऱ्हाणार हायेत."

६ एप्रिल, रवि.
नवीन केबिन घेऊन कासारवाडीला गेलो. सुलट केलेली. पितळी पत्र्याची, पडली तरी मोडणार नाही अशी. बाकी माप तेच, खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाचं.
अब्बांनी दोन्ही हातांत फिरवली. कौलं लागली, खिडकी लागली. मग बोट दारापाशी अडकलं.
"दार लावलंय व्हय?"
उघडं आहे, म्हटलं. ते परत बोट घालून बघायला लागले. जाईना. "आमी कधी लावत न्हवतो," म्हणाले. मलाच वाईट वाटलं. दार मापात आहे, सूतभर चूक नाही. पण हाताला ते बंदच आहे, आणि फाटकावरचं दार बंद असणं हा त्यांच्या लेखी गुन्हा.
दार मोठं केलं तर केबिन मोठी, केबिन मोठी तर फाटक मोठं, सगळा हिशेबच बदलतो. घरी येऊन चिडचिड. शमीमने विचारलं, माप कुणासाठी असतं?  

१३ एप्रिल, रवि.
काल थेंबांची बाटली अब्बांच्या हातून गालावरच ओतली गेली, मेहुण्याचा फोन होता. डावा डोळा बहुतेक गेलाच.
माप घ्यायचा व्हर्नियर खिशात घालून कासारवाडी. अब्बा ओट्यावर उन्हात बसलेले, पावलांवरून ओळखलं. शेजारी बसलो. बोट पुढे करा म्हटलं.
"कशाला?"
"दाराला."
 उजव्या हाताचं पहिलं बोट ताठ केलं, रुळावर झेंडी धरावी तसा हात सरळ. व्हर्नियरचे जबडे टेकवले. गार लागलं असणार, पण हलले नाहीत. बोट पुढे चपटं झालंय, पेराशी फुगलंय, कातडी पातळ. इतक्या वर्षांत त्यांचा हात असा हातात घेतला नव्हता. सलाम करायचा आणि लांब बसायचं, एवढंच.
माप पहिल्यांदाच बरोबर आलं. तरी परत घेतलं. मग पेराशी घेतलं. मग परत टोकाशी.
"चुकतंय का?" त्यांनी विचारलं.
"नाही अब्बा. बघतोय."
"घे मग सावकाश. मला कुठं जायाचंय."